सिरॉसिसमधली रक्ताची उलटी: एका रात्रीचे निर्णय आणि तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट

पार्श्वभूमी

रुग्णाचं वय ५४. शाळेत गणित शिकवायचे, अजूनही शिकवतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम मात्र तोच ठेवला आहे. या लेखात मी त्यांना ‘सर’ म्हणतो, कारण वॉर्डात सगळे तेच म्हणत होते.

मधुमेह अकरा वर्षांचा, वजन जास्त, रक्तदाबाची एक गोळी चालू. दारू नाही, कधीच नव्हती. हे आधीच लिहितो, कारण सरांच्या पत्नींनी पहिल्या पाच मिनिटांत मला तीन वेळा सांगितलं, “डॉक्टर, हे कधी पीत नाहीत हो.” नवरा समोर रक्त ओकतोय आणि बायकोला त्याचं चारित्र्य सिद्ध करावंसं वाटतंय, हे बघून वाईट वाटतं. यकृतात चरबी साठत जाते, सूज धुमसत राहते, सुजेच्या जागी व्रणासारखे तंतू तयार होतात आणि शेवटी सबंध यकृत गाठीगाठींचं होतं. हाच सिरॉसिस. या वाटेवर दारूचा थेंबही लागत नाही. मधुमेह आणि वजन पुरेसं होतं. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय यकृततज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदललं. जुन्या नावात ‘नॉन-अल्कोहोलिक’ होतं. नव्या नावात चयापचयाचा बिघाड आहे आणि त्याचं लघुरूप ‘मॅसल्ड’ असं होतं. उच्चारायला अवघड आहे खरं, पण आजार काय नाही यापेक्षा तो कशामुळे होतो हे नावात असावं, हे मला मनापासून पटतं.

तीन वर्षांपूर्वी सरांनी नेहमीची आरोग्य तपासणी केली होती. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड दोन’ असं लिहून आलं. रक्तात यकृताची एन्झाइम्स एएसटी ४८, एएलटी ३६, प्लेटलेट १ लाख ३८ हजार. सल्ला मिळाला, वजन कमी करा. कागद फाईलला लागला. या कागदाकडे पुढे परत यावं लागणार आहे.

ती रात्र

रात्री जेवणानंतर मळमळ, मग एकदम ताजं लाल रक्त. दीड तासात ते आमच्या अपघात विभागात होते. रक्तदाब ८८/५४, नाडी ११८, अंग गार, पण भानावर. पोटात थोडं पाणी, डोळ्यांत किंचित पिवळेपणा. हिमोग्लोबिन ७.६, प्लेटलेट ८२ हजार, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.८, बिलिरुबिन २.४, अल्ब्युमिन २.९, क्रिएटिनिन १.१. सिरॉसिसचं निदान तोवर कोणीच केलेलं नव्हतं, पण हे आकडे शेजारी मांडले की दुसरं काही सुचत नाही. यकृत किती खचलंय ते ‘ए’, ‘बी’, ‘सी’ गटांत सांगणाऱ्या चाइल्ड-प्यू मोजणीत ९ गुण, म्हणजे ‘बी’ गटाचं वरचं टोक.

यकृत घट्ट झालं की आतड्याकडून येणारं रक्त पोर्टल शिरेत तुंबतं. तुंबलेलं रक्त आडवाटा शोधतं. त्यातली एक आडवाट म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा. त्या फुगतात, त्यांची भिंत पातळ होते आणि एके दिवशी फुटतात. अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांत दहा ते वीस टक्के रुग्ण दगावतात, आजच्या उपचारांनीही.

मी घरून पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला होता. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी बरंच काही अचूक केलं होतं: दोन जाड सुया, सलाइन, शिरेतला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा पहिला डोस. रक्तस्रावात प्रतिजैविक कशाला, असं नातेवाईक हमखास विचारतात. सिरॉसिसमध्ये रक्तस्रावाच्या वेळी आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, आणि जंतुसंसर्ग झाला की पुन्हा रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही. प्रगत सिरॉसिस असलेल्यांवरच्या २००६ सालच्या एका स्पॅनिश चाचणीत नॉरफ्लॉक्सासिन घेणाऱ्यांत ३३ टक्क्यांना जंतुसंसर्ग झाला, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन घेणाऱ्यांत ११ टक्क्यांना.

पण त्याच पाऊण तासात प्लाझ्माच्या (रक्तातला, गोठवणारे घटक असलेला द्रव) दोन पिशव्या चढल्या होत्या, तिसरी टांगलेली होती, रक्ताच्या चार पिशव्या मागवल्या होत्या आणि रक्ताची गुठळी विरघळू न देणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवलेली होती. या तिन्ही गोष्टींचा विचार मला दहा मिनिटांत करायचा होता.

पहिला प्रश्न: रक्त किती द्यायचं

माणूस डोळ्यांदेखत रक्त ओकतोय. गेलं तेवढं भरून काढावं असं कुणालाही वाटेल, आणि मी शिकत होतो तेव्हा हिमोग्लोबिन दहावर नेण्याचीच पद्धत होती. ती मोडली २०१३ च्या जानेवारीत, बार्सिलोनातल्या एका चाचणीने. पचनमार्गाच्या वरच्या भागातून तीव्र रक्तस्राव होणाऱ्या ९२१ रुग्णांचे दोन गट केले. एकात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, दुसऱ्यात ९ च्या खाली गेल्यावर. सहा आठवड्यांनी पहिल्या गटातले ९५ टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्यातले ९१ टक्के. पुन्हा रक्तस्राव झाला तो पहिल्या गटात १० टक्क्यांना, दुसऱ्यात १६ टक्क्यांना. हात राखून रक्त दिलेले रुग्ण अधिक जगले. ‘बी’ गटापर्यंतच्या सिरॉसिसमध्ये हा फरक ठळक होता. सढळ हाताने रक्त दिलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांत पोर्टल शिरेतला दाब वाढलेला मोजूनही दाखवला होता. फुटक्या नळात आपण मागून पंप लावत होतो.

तरीही त्या रात्री निर्णय सोपा नव्हता. त्या चाचणीत प्रचंड रक्त वाहून जाणाऱ्या रुग्णांना घेतलंच नव्हतं. सर त्या टोकाला होते का? शिवाय ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. शरीरातलं पाणी रक्तात येऊन रक्त पातळ व्हायला वेळ लागतो, म्हणून ७.६ हा आकडा त्या घटकेला खरा नव्हता. एक लिटर सलाइननंतर रक्तदाब १०२ वर आला, नाडी १०४. म्हणजे वाहून जाण्याचा वेग आवाक्यात होता. मी चारपैकी एकच पिशवी हाताशी ठेवायला सांगितली, बाकीच्या रक्तपेढीतच राखून. तासाभराने हिमोग्लोबिन ६.७ आलं, तेव्हा ती चढवली आणि पुन्हा मोजलं: ७.५. तिथे थांबलो.

हे वाचायला शांत वाटतं. प्रत्यक्षात सरांच्या पत्नी काचेपलीकडून पिशव्यांकडे बघत होत्या, आणि “अजून रक्त का लावत नाही?” हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मी बाहेर जाऊन सांगितलं, “जास्त रक्त दिलं तर शिरेवर ताण येऊन ती पुन्हा फुटू शकते. म्हणून मोजून देतोय, विसरलेलो नाही.” एवढं वाक्य बोलायला अर्धं मिनिट लागलं. ते आधी बोलायला हवं होतं.

दुसरा प्रश्न: आयएनआर आणि प्लाझ्मा

आयएनआर १.८ म्हणजे रक्त गोठत नाही, म्हणजे प्लाझ्मा द्या. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या माणसाबाबत हा तर्क बरोबर आहे, सिरॉसिसमध्ये चूक. यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं, तसंच गोठण्याला लगाम घालणारेही बनवतं. यकृत खचलं की दोन्ही कमी होतात आणि तराजू खालच्या पातळीवर पुन्हा सावरतो. आयएनआर त्यातलं एकच पारडं मोजतो. ट्रिपोडी आणि मानुच्ची या इटालियन संशोधकांनी २०११ मध्ये हे सविस्तर मांडलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये भरलेल्या पोर्टल शिरेच्या दाबावरच्या तज्ज्ञांच्या सातव्या बावेनो परिषदेने तर स्पष्टच सांगितलं की शिरांच्या रक्तस्रावात प्लाझ्मा देऊ नये: रक्ताची गोठणक्षमता त्याने सुधारत नाही, द्रवाचा भार मात्र वाढतो.

तिसरी पिशवी मी उतरवायला सांगितली. आधीच्या दोन पिशव्यांनंतर आयएनआर किती झाला होता? १.७. जवळजवळ अर्धा लिटर द्रव शिरेत गेला, आकडा एका दशांशाने हलला, आणि तिकडे पोर्टल शिरेतला दाब बहुधा वाढला असेल. पाऊण तासाने सरांना दुसरी मोठी रक्ताची उलटी झाली. ती प्लाझ्मामुळेच झाली असं मी म्हणू शकत नाही, एका रुग्णावरून तसं ठरत नाही. पण नाही असंही म्हणू शकत नाही, आणि हे मला अजून बोचतं. त्या तरुण डॉक्टरांची ही चूक नव्हती. विभागाच्या भिंतीवर लावलेल्या सूचनापत्रात ‘आयएनआर १.५ च्या वर असल्यास प्लाझ्मा’ असं छापलेलं होतं. ते पत्र सर्व रुग्णांसाठी एकच होतं, आणि ते बदलून घ्यायचं काम मी दोन वर्षं पुढे ढकलत होतो.

सिरिंज ट्रेमध्येच राहिली

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा दबदबा उगाच नाही. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत वीस हजारांहून अधिक अपघातग्रस्तांमध्ये त्याने मृत्यू कमी केले. स्वस्त, सोपं, कुठेही मिळणारं औषध. मग पोटातल्या रक्तस्रावातही चालेल, असं जगभर गृहीत धरलं गेलं. २०२० मध्ये हॉल्ट-इट चाचणीचे निष्कर्ष आले: १५ देश, १२,००९ रुग्ण. रक्तस्रावाने होणारे मृत्यू दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४ टक्के. शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण मात्र औषध घेणाऱ्यांत दुप्पट, ०.४ च्या जागी ०.८ टक्के. झटकेही जास्त. सिरॉसिसमध्ये रक्त ‘पातळ’ असतं हा समज बाजूला ठेवला की याचं नवल वाटत नाही.

इथे फार वेळ गेला नाही. मी नको म्हटलं, सिरिंज टाकून दिली.

एंडोस्कोपी कधी

‘लगेच’ हे उत्तर इथेही मोहात पाडतं. २०२० सालच्या हाँगकाँगच्या चाचणीत ५१६ जोखमीच्या रुग्णांमध्ये सहा तासांच्या आत केलेली एंडोस्कोपी आणि सहा ते चोवीस तासांत केलेली एंडोस्कोपी यांची तुलना झाली. घाई करून जीव वाचले नाहीत: तीस दिवसांतले मृत्यू ८.९ टक्के आणि ६.६ टक्के. पण त्यात शिरांचा रक्तस्राव असलेले रुग्ण थोडेच होते आणि रक्तदाब न सावरलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणून ती आकडेवारी सरांना जशीच्या तशी लावता येत नव्हती. शिरांच्या रक्तस्रावासाठी शिफारस आहे ती रक्तदाब सावरल्यावर बारा तासांच्या आत.

दुसऱ्या उलटीने वेळ ठरवली. ईसीजी पाहून एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. हे प्रतिजैविक म्हणून नव्हे, जठर रिकामं व्हावं आणि आत नीट दिसावं म्हणून. भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घातली, कारण रक्त ओकणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात ते रक्त गेलं की पुढची लढाई वेगळीच होऊन बसते. दाखल झाल्यापासून सातव्या तासाला दुर्बीण आत गेली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक शीर चिळकांडी मारत होती. सहा रबर बँड लावले. रक्त थांबलं.

सकाळी नळी काढली. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा. त्यांचा पहिला तास साडेसातला असे.

खरा पेच: रक्त थांबल्यावर

वॉर्डात सगळ्यांनी सुस्कारा सोडला होता. माझ्या दृष्टीने सर्वांत कठीण निर्णय आता होता.

एक वाट नेहमीची. टर्लिप्रेसिन पाच दिवसांपर्यंत, मग पोर्टल शिरेतला दाब उतरवणारं कार्व्हेडिलॉलसारखं बीटा-ब्लॉकर आणि दर काही आठवड्यांनी बँडिंग. दुसरी वाट टिप्सची. मानेतल्या शिरेतून यकृतात उतरून, यकृताची शीर आणि पोर्टल शीर यांच्यामध्ये आच्छादित स्टेंट घालायचा, म्हणजे तुंबलेल्या रक्ताला थेट वाट मिळते. तिसरा पर्याय असा की थांबायचं आणि पुन्हा रक्तस्राव झाला तरच टिप्स करायचं. हा तिसरा पर्याय ऐकायला सर्वांत समंजस वाटतो. पण तेव्हा रुग्णाची अवस्था इतकी ढासळलेली असते की स्टेंट बसूनही अनेक जण हाती लागत नाहीत.

२०१० मध्ये गार्सिया-पागान आणि सहकाऱ्यांनी ६३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत ७२ तासांच्या आत टिप्स केलेल्यांपैकी ८६ टक्के वर्षभर जगले, नेहमीच्या उपचारांवरचे ६१ टक्के. निवड काटेकोर होती: ‘सी’ गटातले १३ गुणांपर्यंतचे, किंवा ‘बी’ गटातले ज्यांच्यात एंडोस्कोपीच्या वेळी रक्त वाहताना दिसलं. सर दुसऱ्या प्रकारात बसत होते. आणि नेमका याच प्रकाराबद्दल वाद होता. नंतरच्या एका मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासात ‘सी’ गटाचं आयुष्य स्पष्ट वाढलं. ‘बी’ गटात पुन्हा होणारा रक्तस्राव कमी झाला, पण मृत्यूंत फरक दिसला नाही. एका छोट्या ब्रिटिश चाचणीतही जगण्यात फरक आढळला नाही. उलट २०२१ मध्ये अनेक अभ्यासांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दोन्ही प्रकारांना फायदा दिसला. बावेनोच्या शिफारशीत ‘बी’ गटातले सातहून जास्त गुण असलेले रुग्ण आहेत. सरांचे नऊ होते.

विरुद्ध बाजूही हलकी नव्हती. टिप्सनंतर आतड्यातलं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जातं, अमोनियासारखे पदार्थ मेंदूपर्यंत पोहोचतात आणि माणूस गोंधळतो, झोपाळतो. गणित शिकवणाऱ्याला हे सांगताना माझा आवाज जड झाला होता. शिवाय आमच्याकडे टिप्सची सोय नव्हती. दुसऱ्या रुग्णालयात, चार तासांच्या रुग्णवाहिकेच्या प्रवासानंतर ती होती. नुकत्याच रक्तस्राव थांबलेल्या माणसाला चार तास रस्त्यावर न्यायचं?

सरांच्या पत्नी म्हणाल्या, “आता थांबलंय ना डॉक्टर, मग परत कशाला?” धाकटे भाऊ शेजारी उभे होते. ते म्हणाले, “दादाला विचारा ना. तो शुद्धीवर आहे.” आम्ही दोन तास सरांच्या खोलीबाहेर त्यांच्याबद्दल बोलत होतो. भावाने आम्हाला जागं केलं.

सरांना मी तिन्ही वाटा सांगितल्या, गोंधळाची शक्यता लपवली नाही. त्यांनी विचारलं, “गोंधळ झाला तर तो परत फिरतो का?” बहुतेकदा हो, औषधांनी. आणि फारच त्रास झाला तर स्टेंट अरुंद करता येतो. “आणि रक्त पुन्हा आलं तर?” मी उत्तर दिलं नाही, त्यांनाही ते नको होतं. त्यांनी जायचं ठरवलं.

हृदयाची सोनोग्राफी, पोर्टल शिरेचा डॉपलर आणि यकृतात गाठ नाही याची खात्री केली. टर्लिप्रेसिन चालू ठेवून, सोबत भूलतज्ज्ञ देऊन रवाना केलं. पहिल्या उलटीपासून साधारण चाळिसाव्या तासाला टिप्स झालं. दाबातला फरक १९ मिलिमीटरवरून ८ वर आला.

मधल्या दिवसाची एक छोटी गोष्ट. अल्ब्युमिन २.४ वर उतरलं होतं आणि ते भरून काढायचं का, असा प्रश्न आला. २०२१ च्या अटायर चाचणीत पावणेआठशेहून अधिक रुग्णांपैकी एका गटाला रोज अल्ब्युमिन देऊन पातळी वर नेली, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार दिले. संसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड किंवा मृत्यू झालेले पहिल्या गटात २९.७ टक्के, दुसऱ्यात ३०.२. फुप्फुसात पाणी होण्याचे प्रकार मात्र अल्ब्युमिनच्या गटात जास्त. पोटातलं भरपूर पाणी काढताना किंवा त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाल्यास अल्ब्युमिन खरोखर उपयोगी पडतं. सरांच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. दिलं नाही.

पुढे काय झालं

पुन्हा रक्तस्राव झाला नाही. पोटातलं पाणी दोन महिन्यांत ओसरलं. तपासण्यांत बी आणि सी कावीळ नाही, रोगप्रतिकारशक्तीचा यकृतावर हल्ला नाही, लोह साठल्याची खूण नाही. कारण चरबी आणि मधुमेहच.

पाचव्या आठवड्यात त्यांच्या पत्नींचा फोन आला. सर रात्री जागे राहतात, दिवसा झोपतात आणि उत्तरपत्रिका तपासताना बेरीज चुकतात. जुलाब होतात म्हणून त्यांनी लॅक्टुलोज, म्हणजे अमोनिया शौचावाटे बाहेर काढणारं औषध, निम्मं केलं होतं, आणि हे आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही ते किती महत्त्वाचं आहे हे सांगितलं नव्हतं. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होणं हा त्या औषधाचा दुष्परिणाम नाही, तेच त्याचं काम आहे. डोस वाढवला, रिफॅक्झिमिन जोडलं, चार दिवसांत सर ताळ्यावर आले. घरी कोणीतरी प्रथिनं बंद करायला सांगितलं होतं, तेही पुन्हा सुरू करवलं. मेंदू गोंधळला की प्रथिनं तोडायची, ही जुनी रीत रुग्णाचे स्नायू झिजवते, आणि स्नायू हीच अमोनिया रिचवण्याची दुसरी जागा आहे.

आठ महिन्यांनंतर ते वर्गात उभे आहेत. दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी होते, प्रत्यारोपण केंद्रात नाव नोंदवून पहिली तपासणी झाली आहे. सिरॉसिस गेलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

प्लाझ्माबद्दल लिहिलंच आहे. सूचनापत्र आता बदललं आहे. आम्लता कमी करणारं इंजेक्शन एंडोस्कोपीनंतर बंद करायला हवं होतं, ते गोळीच्या रूपात तीन आठवडे चालू राहिलं, कारण डिस्चार्जच्या कागदावर ते कोणी खोडलं नाही. सिरॉसिसमध्ये ही औषधं विनाकारण लांबली तर संसर्ग आणि मेंदूचा गोंधळ यांच्याशी त्यांचा संबंध निरीक्षणांत दिसतो. सरांच्या गोंधळात त्यांचा वाटा होता का, ठरवता येत नाही. टिप्सची चर्चा रक्तस्राव थांबल्यावर सुरू झाली. ती एंडोस्कोपीआधी, चाइल्ड-प्यूचे नऊ गुण मोजले त्या क्षणी सुरू व्हायला हवी होती. दूरच्या रुग्णालयाला तेव्हाच फोन केला असता तर सहा तास वाचले असते.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी संधी त्या रात्री नव्हतीच. ती तीन वर्षांपूर्वीच्या कागदावर होती.

एका तपासणीच्या दिवशी सरांनी मला विचारलं, “हे आधी कळू शकलं असतं का?” मी एफआयबी-४ चं, म्हणजे साध्या रक्ततपासणीवरून यकृतातल्या तंतूंचा अंदाज देणारं, सूत्र कागदावर लिहून दिलं. वय गुणिले एएसटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ या संख्येने. १.३ च्या खाली आलं तर धोका कमी, २.६७ च्या वर आलं तर यकृतात तंतू बरेच वाढल्याची दाट शक्यता. त्यांनी जुना रिपोर्ट काढला. ३६ चं वर्गमूळ ६. ५१ गुणिले ४८, २४४८. १३८ गुणिले ६, ८२८. उत्तर २.९६. पेन खाली ठेवून ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मला बोलायला शब्द नव्हते.

एएलटी ३६ हे ‘नॉर्मल’ होतं, म्हणून कोणाची नजर थांबली नाही. यकृत कडक होत जाताना एएलटी बरेचदा उतरतं, आणि प्लेटलेट कमी होत जातात. त्या रिपोर्टमध्ये खरी बातमी प्लेटलेटच्या ओळीत होती. तेव्हा यकृताचा कडकपणा मोजणारी इलास्टोग्राफी झाली असती, तर बहुधा पोर्टल शिरेतला वाढलेला दाबही कळला असता. त्या टप्प्यासाठी पुरावा आहे: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रेडेस्की चाचणीत, त्रास सुरू न झालेल्या पण दाब वाढलेल्या २०१ रुग्णांपैकी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत १६ टक्क्यांचा आजार बिघडला किंवा मृत्यू झाला, न घेणाऱ्यांत २७ टक्क्यांचा. रोजची एक स्वस्त गोळी.

आणि सिरॉसिसच्या आधीच्या टप्प्यावर आता थेट औषधं आहेत. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने रेस्मेटिरॉमला मान्यता दिली. ९६६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात त्याच्या दोन डोसांवर २५.९ आणि २९.९ टक्के रुग्णांच्या यकृतातली सूज निवळली, नुसत्या दिखाऊ गोळीवर ९.७ टक्के. ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडलाही याच आजारासाठी मान्यता मिळाली. तिथे हे प्रमाण ६२.९ विरुद्ध ३४.३ टक्के होतं. दोन्ही मान्यता मध्यम ते प्रगत तंतू असलेल्या, पण सिरॉसिस न झालेल्या यकृतासाठी आहेत. सरांसाठी ती वेळ निघून गेली होती.

तो कागद घेऊन ते घरी गेले. आठवड्याने धाकट्या भावांना घेऊन आले. ज्याला या आजारातून सिरॉसिस झालाय त्याच्या सख्ख्या नात्यात तंतू वाढण्याचा धोका बराच जास्त असतो, हे मी सांगायच्या आतच सरांनी भावाचे रिपोर्ट टेबलावर मांडले. वय ४८, एएसटी ४४, एएलटी ५२, प्लेटलेट १ लाख ६८ हजार. खाली सरांच्या अक्षरात पायरीपायरीने गणित सोडवलेलं होतं, उत्तराला चौकट केलेली: १.७४. ना इकडचं, ना तिकडचं. इलास्टोग्राफी त्याच दिवशी केली. १०.६ किलोपास्कल आलं, म्हणजे यकृत कडक होत चाललं होतं.

भाऊ म्हणाले, “मला तर काहीच होत नाही, डॉक्टर.” सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या भेटीची तारीख स्वतःच्या वहीत लिहून घेतली.